गाठ पुन्हा होईल का? रोहिणखेडच्या वाटेवरून एका प्रश्नाचा इतिहास

गर्भाशयाच्या भिंतीतल्या स्नायूत वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ म्हणजे फायब्रॉइड. वैद्यकाच्या पुस्तकात तिचे नाव लायोमायोमा आहे. घरात मात्र 'पिशवीला गाठ आहे' एवढेच सांगितले जाते. बाईला अजून मूल हवे असेल, किंवा पिशवी काढायची तिची इच्छा नसेल, तर नुसती गाठ काढून पिशवी जागच्या जागी राखता येते. या शस्त्रक्रियेला मायोमेक्टॉमी म्हणतात. पिशवी राखली की एक प्रश्नही बाईबरोबर घरी येतो: गाठ पुन्हा होईल का? कोणाला होईल, कोणाला होणार नाही, हे आधीच सांगू शकेल अशी शरीरातली एखादी खूण, म्हणजे रक्तातला एखादा घटक, पेशीतला एखादा बदल किंवा जनुकातला एखादा बिघाड, शोधण्याचा प्रयत्न गेली कित्येक दशके चालू आहे. अशा खुणेला बायोमार्कर किंवा जैविक खूण म्हणतात. या शोधाचा इतिहास प्रयोगशाळांत घडला. त्याची गरज मात्र गावोगावच्या बायांच्या अंगावर लिहिलेली आहे. त्यांतल्याच एका गावावरून, रोहिणखेडवरून, हा इतिहास पाहू.

बुलढाणा जिल्ह्यात पत्ता सांगताना गाव घाटावरचे की घाटाखालचे, हे आधी सांगतात. रोहिणखेड हे घाटाच्या पायथ्याचे गाव, आज मोताळा तालुक्यात, इंग्रजी अमदानीत मलकापूर तालुक्यात. इतिहासाच्या पुस्तकांत ते दोन लढायांसाठी येते. 1437 मध्ये बहमनी सुलतानाचा सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिर खान फारुकीचा येथे पराभव केला. 1590 मध्ये बुऱ्हाण निजामशहा दुसरा आणि त्याच्या बाजूने उभा राहिलेला खानदेशचा राजा अली खान यांनी अहमदनगरचा कारभार हाती असलेल्या जमाल खानाला याच परिसरात गाठले. जमाल खान लढाईत मारला गेला आणि अहमदनगरची गादी बुऱ्हाणकडे आली. त्याआधी आठ वर्षे, 1582 मध्ये, महदवी पंथाच्या खुदावंद खानाने गावात बांधलेली देखणी मशीद त्या काळाची साक्ष आहे. वऱ्हाडच्या गॅझेटियरांनीही रोहिणखेडची ओळख याच गोष्टींनी करून दिली. घाट कोणी अडवला आणि गादी कोणाला मिळाली याची नोंद राहिली. त्याच शतकांत त्या घाटाखालच्या बाया कशाने खंगत होत्या, याची राहिली नाही.

तरी एक धागा सापडतो. दुसऱ्या लढाईची हकीकत लिहून ठेवणारा महंमद कासिम फिरिश्ता हा अहमदनगर सोडून विजापूरला गेलेला इतिहासकार वैद्यकाचाही लेखक होता. भारतीय वैद्यकाची ओळख फारसी वाचकांना व्हावी म्हणून त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा ग्रंथ लिहिला. रोहिणखेडच्या रणाची हकीकत आणि आयुर्वेदाचे ज्ञान, दोन्ही एकाच लेखणीतून फारसीत गेली.

आयुर्वेदात या दुखण्याच्या जवळ जाणारे नाव रक्तगुल्म हे आहे. गुल्म म्हणजे पोटात हाताला लागणारा गोळा. रक्तगुल्म फक्त स्त्रियांना होतो असे चरकसंहितेने म्हटले आणि त्याच्या उपचारासाठी एक विलक्षण अट घातली: दहा महिने उलटून गेल्यावरच उपचार करावा. पाळी थांबलेली आणि पोट वाढत चाललेले, अशा वेळी आत गर्भ आहे की गोळा, हे सांगायला तेव्हा साधन नव्हते. दहावा महिना सरला आणि प्रसूती झाली नाही, म्हणजे तो गोळा. काळ हीच तेव्हाची खूण होती. रक्तगुल्म म्हणजे आजचा फायब्रॉइड असे समीकरण मांडणे चूक ठरेल, कारण त्या नावाखाली अनेक दुखणी एकत्र आली असणार. पण हातातली माहिती अपुरी असताना घाईने उपचार करू नये, हा त्या अटीमागचा विचार पक्का आहे.

गाठ पुन्हा होण्याबद्दलचे जुने वचन सुश्रुतसंहितेत आहे. अर्बुदांच्या वर्णनात सुश्रुताने आधीच्या अर्बुदावर पुन्हा उठणाऱ्या गाठीला अध्यर्बुद असे वेगळे नाव दिले. उपचाराच्या भागात सांगितले की काढताना दोषाचा अंश मागे राहिला तर अर्बुद पुन्हा वाढते, आणि उरलेल्या विस्तवासारखे घात करते. पोट उघडून गर्भाशयाची गाठ काढण्याशी या वचनाचा संबंध नव्हता. ते अंगावरच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गाठींबद्दल होते. तरी पुढे दोन हजार वर्षांनी शल्यविशारद ज्या मुद्द्यावर अडले तो मुद्दा त्यात आहे. पुन्हा दिसलेली गाठ ही मागे राहिलेल्या अंशातून आली, की नव्याने झाली?

पोट उघडून गाठ काढणे युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सुरू झाले, आणि सुरुवातीला ते जिवावरचे काम होते. अमेरिकेत वॉशिंग्टन अॅटली याने 1840 च्या दशकात पोटातून गाठी काढण्याचे धाडस केले. त्याच देशात 1853 मध्ये वॉल्टर बर्नहॅमच्या हातून पोटातून गर्भाशय काढलेली रोगी वाचली. पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, जर्मनीत रुडॉल्फ फिर्को याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की ही गाठ गर्भाशयाच्या स्नायूतूनच उगवते. फायब्रॉइड हा शब्द त्यानंतर रूढ झाला. तंतूंचा अर्थ देणारे हे नाव नेमके नाही, कारण गाठ मुळात स्नायूची असते. पण तेच लोकांच्या तोंडी बसले.

शस्त्रक्रिया सुरक्षित होत गेली तसे गर्भाशय काढणे हाच सोपा मार्ग ठरू लागला. गाठी एकेक करून काढायच्या तर रक्त जास्त जाते, वेळ जास्त लागतो आणि मागे काही राहण्याची भीती असते. याविरुद्ध लंडनच्या व्हिक्टर बॉनी याने आयुष्यभर झुंज दिली. त्याच्या पत्नीचे गर्भाशय फायब्रॉइडमुळे काढावे लागले होते आणि ते दांपत्य निपुत्रिक राहिले. बॉनीने रक्तवाहिन्या तात्पुरत्या दाबून धरणारा खास चिमटा तयार केला आणि तरुण बाईचे गर्भाशय एका साध्या गाठीसाठी काढणे म्हणजे शल्यचिकित्सेचा पराभव, ही भूमिका मांडली. एकाच गर्भाशयातून दोनशेहून अधिक गाठी काढून ते शाबूत ठेवल्याची त्याची नोंद प्रसिद्ध आहे.

हे ज्ञान वऱ्हाडात पोहोचायला वेळ लागला. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. 1860 च्या दशकात रेल्वे मलकापूरवरून पुढे गेली आणि घाटाखालच्या गावांना मुंबईची वाट मोकळी झाली. पुरुष डॉक्टरपुढे अंग दाखवणे मात्र बाईला मरणाहून अवघड होते. 1885 मध्ये लेडी डफरीन यांच्या नावाने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभा राहिला. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजूनही 'डफरीन' म्हणतात, ती त्याच काळाची खूण. मुंबईत 1886 मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले, जिथे स्त्री रोग्यांना स्त्री डॉक्टरच तपासत. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेतली. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढच्या वर्षी त्या गेल्या. वय पुरते बावीसही नव्हते.

मुंबईत 1926 मध्ये केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन मोठी रुग्णालये परळला उभी राहिली आणि स्त्रीरोगशास्त्राची एक घट्ट परंपरा तयार झाली. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशयाचे तोंड सैल पडून होणारे गर्भपात थांबवणारा टाका 1955 मध्ये जगापुढे मांडला. अंग बाहेर येणाऱ्या तरुण स्त्रियांचे गर्भाशय न काढता ते वर टांगून धरण्याच्या पद्धती शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे या दोघांच्या नावाने ओळखल्या जातात. या शस्त्रक्रिया फायब्रॉइडच्या नाहीत. पण पिशवी वाचवावी, ती बाईची आहे, ही त्यामागची दृष्टी तीच आहे. मराठी वैद्यकपरंपरेचे हे मोठे श्रेय आहे, आणि पुढे खेड्यापाड्यांत जे घडले ते पाहता त्याची आठवण ठेवणे गरजेचे आहे.

मायोमेक्टॉमीत नेमके काय होते ते जवळून पाहिले की पुन्हा होण्याचा प्रश्न समजतो. गर्भाशयाच्या भिंतीवर छेद दिला की गुलाबी स्नायूच्या आत एक पांढुरका, मोत्यासारखा चमकणारा गोळा दिसतो. भोवतालचा स्नायू दाबला जाऊन त्याचे पातळ वेष्टन झालेले असते. त्या वेष्टनाच्या आतून बोट फिरवले की गोळा सोललेल्या वाटाण्यासारखा निसटून बाहेर येतो. कापून पाहिला तर आत सुताच्या गुंडीसारखे वेटोळे दिसतात. मोठा गोळा निघाल्यावर शल्यविशारद उरलेल्या भिंतीवरून हात फिरवतो. जवारीच्या दाण्याएवढ्या गाठी बोटाला लागल्या तर त्याही काढतो. त्याहून बारीक गाठी ना बोटाला लागत, ना सोनोग्राफीत दिसत. त्या तिथेच राहतात. पाच वर्षांनी दिसणारी 'नवी' गाठ पुष्कळदा त्याच दिवशी मागे राहिलेली जुनी गाठ असते.

म्हणून पुनरावृत्तीचे आकडे वाचताना कशाला पुनरावृत्ती म्हटले आहे हे आधी पाहावे लागते. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी 1958 मध्ये सोनोग्राफीचा पाया घातला. त्याआधी डॉक्टरच्या हाताला गोळा लागला किंवा बाईला पुन्हा त्रास झाला तरच गाठ परतली असे म्हणत. सोनोग्राफी आल्यावर बाईला काहीच त्रास नसताना दिसलेली अर्ध्या सेंटिमीटरची गाठही मोजली जाऊ लागली. इटलीत 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दहा वर्षांत 27 टक्के बायांमध्ये गाठ परतली. तिथेच नंतर सोनोग्राफीने मोजले तेव्हा पाच वर्षांतच निम्म्या बायांमध्ये ती दिसली. कोरियातल्या 2007 च्या अभ्यासात दुर्बिणीतून गाठ काढलेल्या बायांपैकी पहिल्या वर्षी सुमारे 12 टक्के, पाच वर्षांनी 53 टक्के आणि आठ वर्षांनी 84 टक्के जणींमध्ये गाठ दिसली. हे आकडे ऐकून बाई घाबरते. पण दिसलेल्या गाठींपैकी थोड्याच गाठी पुन्हा शस्त्रक्रियेपर्यंत जातात, हेही तिला त्याच दमात सांगायला हवे.

या मोजण्यांतून ज्या खुणा पुढे आल्या त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. सर्वांत बळकट खूण म्हणजे गाठींची संख्या. 2005 च्या एका अमेरिकी अभ्यासात एकच गाठ काढलेल्या बायांमध्ये पुनरावृत्ती 11 टक्के होती, अनेक गाठी काढलेल्यांमध्ये 74 टक्के. दुसरी खूण वय. फायब्रॉइड ही इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर पोसली जाणारी गाठ आहे. पाळी कायमची गेली की ती आपोआप आटू लागते. तिसाव्या वर्षी गाठ काढली तर पुढे गाठ वाढायला दीड दशक मोकळे असते, त्रेचाळिसाव्या वर्षी काढली तर थोडीच वर्षे उरतात. भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय साधारण 46 आहे, हे लक्षात घेतले तर कित्येक बायांच्या बाबतीत नुसते थांबणे हाच उपचार ठरू शकतो. तिसरी खूण म्हणजे पिशवीचा आकार, आणि चौथी, शस्त्रक्रियेनंतर झालेले बाळंतपण. बाळंतपण झालेल्या बायांमध्ये गाठ परतण्याचे प्रमाण इटलीच्या पाहणीत कमी आढळले. प्रसूतीनंतर गर्भाशय आकसते तेव्हा बारीक गाठीही त्याबरोबर नाहीशा होत असाव्यात, असा अंदाज आहे.

प्रयोगशाळेतला शोध संप्रेरकांपासून सुरू झाला. 1930 च्या दशकाच्या अखेरीस चिलीतील अलेक्झांडर लिपशुट्झ यांनी गिनीपिगांना इस्ट्रोजेन देऊन त्यांच्या पोटात अशा गाठी निर्माण करून दाखवल्या. पुढे कळले की इस्ट्रोजेन जमीन तयार करते आणि वाढ प्रोजेस्टेरॉन घडवते: पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, जेव्हा प्रोजेस्टेरॉन जास्त असते, तेव्हा गाठीतल्या पेशी जास्त वेगाने विभागतात. विभागणाऱ्या पेशींत केआय-67 नावाचे प्रथिन असते. गाठीच्या कापावर रंग दिला की अशा पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात आणि ती मोजता येतात. जिथे ती जास्त, तिथे गाठ जोमाने वाढणारी. संप्रेरके पकडणारे ग्राहीही असेच मोजले जातात. मात्र या सगळ्या खुणा काढलेल्या गाठीतल्या आहेत. मागे राहिलेल्या दाण्याबद्दल त्या फक्त अंदाज देतात.

1965 मध्ये लिंडर आणि गार्टलर या अमेरिकी संशोधकांनी एका रक्तविकाराशी संबंधित एन्झाइमच्या आधारे दाखवले की प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते, आणि एकाच बाईच्या वेगवेगळ्या गाठी वेगवेगळ्या पेशींतून उगवलेल्या असतात. प्रत्येक गाठ स्वतंत्र. मग गुणसूत्रांचे चित्र पाहणाऱ्यांना काही गाठींत बारावे आणि चौदावे गुणसूत्र तुटून एकमेकांना जोडलेले दिसले. त्या तुटीच्या जागी एचएमजीए-2 हे जनुक असते. 2002 मध्ये एफएच जनुकाचा वंशाने येणारा बिघाड सापडला, ज्यात बाईला तरुणपणीच पुष्कळ गाठी होतात आणि काही घराण्यांत मूत्रपिंडाचा कर्करोगही होतो. असा बिघाड दुर्मीळ आहे; पण आईला, मावशीला, बहिणीला लहान वयात गाठी झाल्या असतील तर तो विचारात घ्यावाच लागतो.

2011 चा शोध सर्वांत मोठा. फिनलंडमधल्या संशोधकांनी 225 गाठी तपासल्या आणि 159 गाठींत, म्हणजे सुमारे 70 टक्क्यांत, एमईडी-12 या एकाच जनुकात जवळजवळ एकाच जागी बिघाड सापडला. नंतरच्या कामातून चित्र आणखी उलगडले. एमईडी-12 चा बिघाड असलेल्या गाठी बहुधा लहान आणि अनेक असतात. एचएमजीए-2 चा बदल असलेली गाठ बहुधा मोठी आणि एकटी असते. अनेक गाठी हीच पुनरावृत्तीची सर्वांत मोठी खूण, हे डॉक्टरांना बोटांनी आधीच कळले होते; त्यामागचे जनुक आता दिसू लागले. 2013 मध्ये त्याच संशोधकांना काही बायांमध्ये दोन वेगळ्या वाटणाऱ्या गाठींत एकसारखी जनुकीय मोडतोड सापडली. म्हणजे त्या एकाच मुळातून आल्या होत्या. 'प्रत्येक गाठ स्वतंत्र' हे 1965 चे विधान सगळीकडे लागू पडत नाही हे त्यातून ठरले, आणि मूळ आत राहिले तर ते पुन्हा फुटते या सुश्रुताच्या मुद्द्याला निदान काही गाठींपुरता नवा आधार मिळाला.

रक्तातल्या खुणेचा शोध सर्वांत आकर्षक, कारण रक्त काढणे सोपे आहे; तो तितकाच निराश करणाराही ठरला आहे. सीए-125 हा घटक फायब्रॉइडमध्ये थोडा वाढतो, पण तो पाळीच्या दिवसांत, अंडाशयाच्या दुखण्यांत आणि इतर कारणांनीही वाढतो. एलडीएच हे एन्झाइम गाठ कर्करोगाची असण्याच्या शंकेत उपयोगी पडू शकते. साधी गाठ परतेल का, हे ते सांगत नाही. नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारा व्हीईजीएफ, तंतू वाढवणारा टीजीएफ-बीटा-3, पेशींतल्या जनुकांचा आवाज कमीजास्त करणारे मायक्रो-आरएनए, या सगळ्यांवर काम झाले आहे आणि होत आहे. ड जीवनसत्त्व पुरेसे असलेल्या बायांमध्ये फायब्रॉइडचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याचे 2013 मध्ये अमेरिकेत दिसले. म्हणून ड जीवनसत्त्व ही जोखमीची एक खूण मानता येईल. पण शस्त्रक्रिया झालेल्या बाईचे भविष्य त्यावरून वर्तवता येत नाही.

रक्ताची खूण हाती का लागत नाही, याचे उत्तर 2008 च्या एका अमेरिकी अभ्यासात दडलेले आहे. त्यात अनेक बायांच्या गाठी काही महिन्यांच्या अंतराने एमआरआयवर मोजल्या. एकाच बाईच्या पोटात, एकाच रक्तावर, एकाच संप्रेरकांवर पोसलेल्या गाठींपैकी एक वाढत होती, दुसरी तशीच होती आणि तिसरी आटत होती. रक्त सगळ्या गाठींना सारखेच, वागणूक प्रत्येक गाठीची निराळी. मग रक्ताच्या एका थेंबाने सगळ्या गाठींचे भविष्य सांगावे ही अपेक्षाच जड आहे. रोजच्या उपचारात वापरता येईल अशी पुनरावृत्तीची एकही जैविक खूण आजवर सिद्ध झालेली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. 'गाठ परत येईल का ते रक्तावरून सांगतो' असे म्हणून कोणी महागडी तपासणी विकत असेल, तर ती घेऊ नये.

उत्तर नसलेल्या या प्रश्नाची किंमत खेड्यातल्या बायांनी मोजली. 1989 मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी 'लॅन्सेट'मध्ये मांडली. 92 टक्के बायांना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी कधी झाली होती अशा बाया फक्त 8 टक्के. 'अंगावरून जातंय' हे बाई सासूला सांगते, जावेला सांगते, डॉक्टरला सांगत नाही. सांगायला जाते तोवर रक्त इतके गेलेले असते की शेतातून घरी येईपर्यंत तिला दोनदा बसावे लागते. अशा बाईपुढे सोनोग्राफीचा कागद ठेवून 'गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल' असे म्हटले की ती एकच विचारते: पुन्हा तर होणार नाही ना? आणि 'पिशवीच काढून टाकू, म्हणजे प्रश्नच नाही' हे एकमेव ठाम उत्तर तिला मिळते. साध्या फायब्रॉइडचे कर्करोगात रूपांतर जवळपास होतच नाही, हे त्या खोलीत कोणी सांगत नाही.

2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत 82,309 बायांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतला खाडा आणि त्याचा दंड, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडावर नसलेले संडास, खासगी दवाखान्यांचा नफा, सगळेच त्यामागे होते. आणि गाठीची भीती हे त्याचे हातखंडा निमित्त होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 मध्ये गर्भाशय काढलेल्या बायांना कारण विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींनी जास्त रक्तस्राव आणि दर पाच जणींतल्या एकीने गाठ हे कारण सांगितले. पिशवी लवकर काढली तर अंडाशये राखली तरी ती लवकर थकू शकतात. हाडे ठिसूळ होणे, हृदयावरचा ताण वाढणे असे त्रास मागे लागू शकतात. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला.

रोहिणखेडच्या बाईसाठी आज वाट पूर्वीपेक्षा जवळ आहे. सोनोग्राफीसाठी घाट चढून बुलढाण्याला किंवा खाली मलकापूरला जाता येते. अकोल्याला 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गाठ काढल्यावर ती ट्रेमध्ये ठेवून बाहेर उभ्या नातेवाइकांना दाखवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती पाहून नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात, मग गाठ फॉर्मलीनच्या बरणीत तपासणीला जाते आणि तिचा रिपोर्ट आणायला पुष्कळदा कोणी परत जात नाही. डिस्चार्ज कार्डावर 'मायोमेक्टॉमी' एवढा एकच शब्द असतो. किती गाठी काढल्या, केवढ्या होत्या, भिंतीत होत्या की आतल्या पोकळीत, बारीक दाणे हाताला लागले का, पिशवीचा आकार किती होता: जैविक खुणा हाती नाहीत तोवर पुढचा अंदाज बांधायला डॉक्टरकडे एवढेच आहे, आणि नेमके तेच लिहिलेले नसते. पाच वर्षांनी दुसऱ्या दवाखान्यात गाठ दिसली की ती जुनी की नवी, वाढणारी की थांबलेली, हे ठरवायला हाती काहीच राहत नाही, आणि मग पुन्हा पिशवीच काढण्याचा सल्ला मिळतो.

गाठ काढून घेणाऱ्या प्रत्येक बाईने, तिच्या नवऱ्याने किंवा लेकीने सुट्टी होताना डॉक्टरांकडून कार्डावर गाठींची संख्या आणि आकार लिहून घ्यावा, बरणीचा रिपोर्ट आठवणीने आणावा, आणि पहिली सोनोग्राफी, कार्ड व रिपोर्ट एकाच पिशवीत घालून घरात जपून ठेवावेत.